कुंकवाचं मेण

३ एप्रिल

ही डायरी अब्बांना जानेवारीत ऑइलच्या एजंटने दिली होती. कोरीच पडली होती, आज मी ढापली. पहिल्या पानावर पिस्टनचं चित्र आहे. चालेल.

लिहायचं कारण म्हणजे आज मला खोली मिळाली. गॅरेजच्या मागची, पत्र्याची, दहा बाय बारा. आजवर तिथे बंपर, सायलेन्सर आणि कुठल्याशा व्हॅनचं एकुलतं एक दार राहत होतं.

अब्बा गाडीखाली झोपून बोलत होते. नुसते पाय दिसत होते. पायांशी बोलणं सोपं गेलं.

"कॉलेज सोडलंस म्हणे. सरांचा फोन होता."

"सोडलं."

"का?"

"सर माझ्या चित्राला मेणबत्तीचे चाळे म्हणाले."

"मग तू काय म्हणालास?"

मी काय म्हणालो ते अब्बांना सांगितलं नाही, इथेही लिहीत नाही. आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता एवढं खरं. दुसऱ्या दिवसापासून मी पुण्याची गाडी पकडली नाही. तिसरं वर्ष अर्ध्यावर राहिलं.

पायांनी नटबोल्टचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "सात जूनपर्यंत खोली तुझी. त्यानंतर पाऊस, माझं सामान आत. तोवर तुझं एक तरी चित्र कुणी परक्या माणसाने आपल्या भिंतीला लावलं तर बघू. नाहीतर कॉलेजात परत. सरांची माफी मागून."

माफी मी मागणार नाही. म्हणजे चित्र भिंतीला लागलंच पाहिजे.

६ एप्रिल

खोली धुतली. व्हॅनचं दार जाता जाईना, शेवटी त्याचंच टेबल केलं.

मला जे करायचंय ते असं: मधमाश्यांचं मेण वितळवायचं, त्यात रंगाची पूड घालायची, गरम आहे तोवर ब्रशने फळीवर लावायचं. मग वरून गरम वारा द्यायचा, म्हणजे थर थराला धरतो. दोन हजार वर्षांपूर्वी असे काढलेले चेहरे अजून ताजे दिसतात. सरांचं एकही चित्र तेवढं टिकणार नाही.

गरम वाऱ्यासाठी अब्बांची हीट गन आहे, काचेवरचे स्टिकर सोडवायची. इलेक्ट्रिक शेगडी होती. तवा अम्मीचा, बिडाचा. अम्मीला अजून माहीत नाही.

७ एप्रिल

अम्मीला कळलं. आज भाकरी मिळाली नाही, डबलरोटी मिळाली.

दुपारी शहिस्ता आली. समोरच्या घरातली. फार्मसीचा डिप्लोमा करून बाजारात मामांच्या मेडिकलवर बसते. अम्मीच्या बीपीच्या गोळ्या द्यायला आली होती, तशीच मागे खोलीकडे वळली. मी शर्ट तरी बदलला असता.

"खिडकी कुठंय?" हे तिचं पहिलं वाक्य.

"दार आहे ना."

"मेणाचा धूर छातीत जाईल. मग मलाच गोळ्या द्याव्या लागतील तुला."

मी सात वर्षं या मुलीकडे बघतोय आणि तिला माझ्यात एक गिऱ्हाईक दिसतं.

तरी पत्रा कापून खिडकी केली. तिच्या घराच्या बाजूला. हवा तिकडूनच चांगली येते.

११ एप्रिल

आज फजिती. नुसतं मेण मऊ पडतं, ते कडक व्हायला त्यात 'डामर' नावाचा चीक घालतात असं वाचलं होतं. महिपती बाजारात निघाला होता. हा आमचा जुना मिस्त्री, अब्बांपेक्षा जुना. त्याला म्हटलं, दादा, डामर मिळालं तर आणा. संध्याकाळी महिपतीदादा एक डबा घेऊन आला. रस्त्याच्या कामावरून मागून आणलेलं, काळं, अजून कोमट.

"मुकादम ओळखीचा हाय. आणखी लागलं तर म्हनला टिपाड देतो. कुटं टाकायचंय, अंगनात?"

अब्बा दहा मिनिटं हसत होते. मी डब्याला लाथ मारली. डबा भरलेला होता. पायाचा अंगठा सुजलाय.

शहिस्ता सुजेवरचं मलम घेऊन आली (अम्मीने सांगितलं असणार). डांबराचा किस्सा ऐकून हसली नाही, एवढंच म्हणाली, "डामर म्हणजे राळ रे. आम्ही मलमात वापरायचं शिकलोय. काष्ठौषधीच्या दुकानात पांढरी राळ माग."

मग जाताना दारात हसली. पाठ होती, पण खांदे हलत होते.

१४ एप्रिल

राळ मिळाली. मेणही मिळालं. पुण्याहून मागवायला आठवडा गेला असता, पण बाजारातल्या पूजासाहित्यवाल्याकडेच निघालं. मी खात्री करून घेतली. म्हटलं, मधमाश्यांचंच ना, असली?

तो म्हणाला, "अरे, बायका कपाळाला लावतात हे. त्याहून असली काय पाहिजे तुला?"

सगळंच्या सगळं उचललं. मोठ्या डब्यात होतं, छान पिवळट, हाताला लोण्यासारखं. वासही गोड.

शहिस्ताने प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर आणून दिला. "पंच्याऐंशीच्या वर नको. धूर दिसला की शेगडी बंद. आणि हा माझा कॉलेजातला आहे, फोडलास तर बघ." तिने स्वतःची वस्तू मला दिली. मी तो उशीजवळ ठेवला होता, पण अम्मीला वाटलं मला ताप आहे.

२२ एप्रिल

अल्लाह मेहरबान. तुंगार्लीच्या राजेश्वरी मॅडम गाडीचा एसी दाखवायला आल्या होत्या. तळ्याजवळ त्यांचा बंगला आहे, जूनपासून तिथे पाहुणे ठेवणार आहेत. एसीचं काम होईपर्यंत फिरत फिरत मागे आल्या आणि माझी रंगांची फळी बघून थांबल्या.

"हे काय, ऑइल आहे?"

"मेण आहे मॅडम."

"पावसाळ्यात याला बुरशी धरेल?"

"मेणाला पाणी शिवत नाही."

मग त्यांनी मनातलं सांगितलं. "अरे, आमच्या भिंतींना जुलैत मिशा फुटतात. बेडशाच्या लेण्यांचं एक वॉटरकलर होतं, सुंदर. आता त्यात लेणी कमी आणि बुरशी जास्त. तू मला चार करून दे. बेडसे, तळं, औंढ्याची भातखाचरं, आणि एक तुझ्या मनाचं. तीस मेला येते. आवडली तर त्याच दिवशी लावते."

चार भिंती. अब्बांनी एकच मागितली होती.

२८ एप्रिल

हात बसावा म्हणून आधी एक लहान चित्र केलं. माझ्या खिडकीतून दिसतं ते: समोरची गच्ची, दोरी, दोरीवर वाळत घातलेली निळी ओढणी. चेहरा काढला नाही. चेहरा काढला असता तर गल्ली शहाणी झाली असती.

शहिस्ता बघायला आली. बराच वेळ बघत राहिली.

"ओढणी कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"माझ्याकडे अशीच आहे."

"असेल. बाजारात खूप मिळतात."

तिने फळी जागेवर ठेवली आणि निघाली. निळा रंग नीट लागला नव्हता बहुतेक.

३० एप्रिल

ओढणी ओघळली. पत्रा तापला आणि दुपारी तीनला सगळं निळं खाली उतरून गच्चीवर बसलं. बोट लावलं तर बोट निळं. मेणात राळ मोजून घातली होती, तापमान बघून घातली होती.

चित्र दाराबाहेर भिरकावलं. शहिस्ता तेव्हाच येत होती, तिच्या पायाशी पडलं. तिने उचललं, पदराखाली धरावं तसं उन्हातून बाजूला धरलं. म्हणाली, "थंडीत राहील ना रे हे?"

"कचऱ्यात राहील," मी म्हणालो.

संध्याकाळी बघितलं तर नव्हतं. भंगारवाला घेऊन गेला असेल. बरं झालं.

१२ मे

बेडसे दोनदा केलं. लेण्याचे खांब सकाळी उभे असतात, दुपारी वाकतात. राळ वाढवली, तरी तेच.

अब्बांनी मागच्या मोकळ्या जागेत चार लोखंडी पाइप उभे केलेत. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बापाच्या तंबूला." त्यांना माझ्याशी सरळ बोलायचंच नसतं.

१६ मे

आजचं लिहू की नको. लिहितो.

सकाळी शहिस्ताच्या दारात पांढरी गाडी. तळेगावचे पाहुणे. अम्मी म्हणाली, "मुलगी बघायला आलेत." मी खोलीत गेलो. तळ्याचं चित्र पुन्हा ओघळलेलं. मला वाटलं, एकच गोष्ट तपासायची राहिलीय. थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला. अठ्ठ्याण्णव. पाणी खळाखळा उकळतंय आणि काटा, म्हणजे पारा, अठ्ठ्याण्णववर. पाणी शंभरला उकळतं हे पाचवीतल्या पोरालाही माहीत आहे.

तसाच दुपारी मेडिकलवर गेलो. गिऱ्हाइकं होती, मामा होते. थर्मामीटर काउंटरवर ठेवला आणि राळ उडवली. म्हटलं, खोटा आहे तुझा थर्मामीटर. दोन अंश खोटा. महिना वाया घालवलास माझा. औषधंही अशीच मोजून देतेस का लोकांना?

हे शेवटचं बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं.

ती हळू म्हणाली, "याह्या, आपण घाटावर राहतो."

"घाटाचा काय संबंध?"

तिने थर्मामीटर पुसला आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. "इथलं पाणी लवकर उकळतं," ती म्हणाली. "माणसंपण." मग पुढच्या बाईला विचारलं, "ताई, तुम्हाला काय?"

कोड्यात बोलते. जाऊ दे तिला तळेगावला.

२० मे

या मेणाची कहाणी आज उलगडली आणि मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बयामावशी औंढ्याहून रोज करवंदं घेऊन येतात आणि अकरानंतर आमच्या गॅरेजच्या सावलीत बसतात. कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. आज पाणी मागायला मागे आल्या, वाकलेले खांब बघितले.

"लेनी दमली व्हय रं?"

त्यांनी डब्यात बोट घातलं, वास घेतला, अंगठ्याने चोळलं. मग कंबरेची पिशवी काढली, पिशवीतून एक चपटी डबी. तिच्यातलंही चोळलं. आणि माझ्या डब्यातलं बोट सरळ आपल्या कपाळावर, कुंकवाच्या कडेला लावलं.

"आरं याड्या, ह्ये कुकवाचं मेन हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय म्हंजी. आदी मेन लावायचं, मग त्येच्यावर कुकू दाबायचं. घाम आला तरी हलत न्हाई. पर नुस्तं मेन दगडावानी, कपाळाला लागंल कसं? म्हनून त्यात खोबऱ्याचं त्याल घालत्यात. वास घे की. तुज्या लेन्याला त्याल लावून ठिवलंस, मग ती घसरनार न्हाई तर काय व्हईल?"

गोड वास. हाताला लोण्यासारखं. बायका कपाळाला लावतात. दुकानदाराने सगळं सांगितलं होतं. आमच्या घरात कुंकू नाही, पण कान तर आहेत.

बयामावशी एवढ्या हसल्या की करवंदांची पाटी कलंडली. मी एकेक वेचून दिलं. निघताना म्हणाल्या, "आमचा दत्तोबा मोहळ काडतो. मधाचं गिऱ्हाईक लय, मेनाला कुनी इचारत न्हाई. गोळं पडल्यात घरात. ह्यो डबा मला दे, ते तू घे. आमी सात-आट म्हाताऱ्या उरलोय मेन लावनाऱ्या. दोन वरीस पुरंल."

मग मी मोबाइलवर बघितलं. आमचं गाव समुद्रापेक्षा सव्वासहाशे मीटर उंच, हवेचा दाब कमी. इथे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं.

२१ मे

पहाटेच औंढ्याला गेलो. दत्तोबांकडून गोळे आणले, काळपट, मुंग्यांसकट. गरम पाण्यात वितळवले, अम्मीच्या ओढणीतून गाळले (हेही तिला माहीत नाही). थंड झाल्यावर जमिनीवर आपटलं तर टण्ण वाजलं. हे मेण.

नऊ दिवस आहेत. थर्मामीटर नाही. कसं करणार कळत नाही.

माफी कशी मागतात? मेडिकलवर गेलो होतो. गिऱ्हाइकं होती. कापूस घेऊन आलो.

२२ मे

खिडकीत थर्मामीटर सापडला, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला. अम्मीने जाऊन मागून आणला असणार. अम्मी ती अम्मीच.

२४ मे

बेडशाचे खांब उभे आहेत. दुपारी चारपर्यंत बघत बसलो. सरळ.

पुन्हा मेडिकलवर गेलो. या खेपेला बँडेज. तिने वर न बघता दिलं. माझ्याकडे आता कापूस, दोन बँडेज, खोकल्याचं औषध आणि वाफ घ्यायचं भांडं आहे. मला काहीही झालेलं नाही.

अम्मीला विचारलं, तळेगावचं कुठवर आलं. म्हणाली, "तिच्या थोरल्या बहिणीचं ठरलं की. तुला कोण म्हणालं शहिस्ताचं?"

अम्मीच म्हणाली होती, 'मुलगी' बघायला. मुलगी म्हणजे एकच, असं मला का वाटलं असेल.

२९ मे

चारही झाली. चौथं माझ्या मनाचं. मनात एकच गोष्ट होती म्हणून तेच पुन्हा केलं: गच्ची, दोरी, निळी ओढणी. या वेळी निळा पाच थरांत दिला. खाली पांढरा, त्यामुळे आतून उजेड आल्यासारखा वाटतो.

अब्बा जेवायच्या आधी आले. चष्मा वर करून बेडशावर अंगठा दाबला, तसाच जसा गाडीच्या रंगावर दाबतात. मग नख मारून बघितलं.

"सेट झालाय," म्हणाले आणि गेले.

मर्सिडीजच्या रंगालाही ते एवढंच म्हणतात.

३० मे

मॅडम आल्या. बेडसे घेतलं, तळं घेतलं, भातखाचरं घेतली. आम्हाला दोघांना गाडीत घालून तुंगार्लीला नेलं आणि अब्बांच्याच हातून खिळे मारून घेतले. तिन्ही भिंतीला लागली. अब्बा लेव्हल बघायला तीनदा मागे सरकले, चित्रं सरळ होती तरी.

चौथ्यापुढे मॅडम थांबल्या होत्या. मग म्हणाल्या, "हे मी नाही घेत. हे पाहुण्यांसाठी नाहीये. ज्याचं आहे त्याला दे."

येताना अब्बा म्हणाले, "सामान राहील मागच्या शेडमध्ये." चार पाइपांवर कालच पत्रे चढलेत. योगायोगाने शेड तयारच होती, म्हणून खोली वाचली.

१ जून

चौथं चित्र काखेत घेऊन मेडिकलवर गेलो. दुकानात कुणी नव्हतं, फक्त मामा बिलं लावत होते.

"काय देऊ?" शहिस्ताने विचारलं. "कापूस संपला?"

"काही द्यायचं नाही. मागायला आलोय."

"काय?"

"माफी. थर्मामीटर खरा होता. मेण कुंकवाचं होतं. आणि औषधांबद्दल जे बोललो ते..." मी चित्र दुसऱ्या काखेत घेतलं. "ते मी बोललो, हे खरं आहे."

मामांची बिलं थांबली. नेमके तेव्हाच एक काका इन्सुलिनला आले. तिने फ्रिज उघडला. खोकी बाजूला केली आणि मागे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, उभी ठेवलेली माझी पहिली फळी दिसली. ओघळलेली गच्ची, घसरलेली ओढणी. तशीच.

काका गेले.

"हे इथे काय करतंय?"

उत्तर मामांनी दिलं. "महिना झाला. मी हिला रोज विचारतो, इन्स्पेक्टर आला तर काय सांगू, हे कुठलं इंजेक्शन?"

"बाहेर वितळलं असतं," शहिस्ता म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "विचारलं होतं ना मी, थंडीत राहील का म्हणून."

पिशवीवर औषधाला लावतात तसं लेबल होतं, तिच्या अक्षरात. मी वाकून वाचलं.

*२ ते ८ अंशांत ठेवावे. उष्णतेपासून आणि याह्यापासून दूर ठेवावे.*

मी काखेतलं चित्र काउंटरवर ठेवलं. "हे पक्कं आहे. तुझी ओढणी आहे. बाजारातली नाही. ते खराब टाकून दे आता."

तिने पक्क्या निळ्यावर बोट टेकवलं, बोट बघितलं. कोरडं. मग स्टूल ओढून घेतलं आणि मामांकडे खिळा मागितला.

"हे भिंतीला लावते," ती म्हणाली. "ते आतच राहू दे."

रात्री जेवताना मी अब्बांना सरांचा नंबर विचारला, माझ्याकडून डिलीट झाला होता. माफीला हात बसलाय तोवर तेवढं एक उरकून घ्यावं.